ट्रेडिंग कार्ड गेम: नियम कळले, तरी डाव का हरतो?

उंबरठा (धागालेखक)

नमस्कार. गेले दोन महिने मी मॅजिक: द गॅदरिंग हा ट्रेडिंग कार्ड गेम शिकतो आहे. नियमपुस्तिका दोनदा वाचून झाली आहे. लँड (जमिनीची कार्डे) आडवे करून माना (कार्डे खेळण्याचा खर्च भागवणारी शक्ती) मिळवायचा, त्या मानावर क्रीचर (लढणारे प्राणी) आणि स्पेल (मंत्र) खेळायचे, समोरच्याचे २० लाइफ शून्यावर आणायचे, याच पाळीत आणलेल्या क्रीचरने लगेच हल्ला करायचा नाही, ही सगळी चौकट आता डोक्यात बसली आहे. कार्डांवरचा मजकूरही अडखळत का होईना, समजतो. तरीही ज्या मित्राबरोबर खेळतो त्याच्याविरुद्ध मी जवळजवळ प्रत्येक डाव हरतो, आणि हरल्यावर नेमके कुठे चुकले हे मला सांगता येत नाही. हरण्यापेक्षा हे न सांगता येणे मला जास्त सलते, म्हणून हा धागा काढतो आहे.

माझा डेक, म्हणजे खेळायचा कार्डांचा संच, लाल-हिरवा, ६० कार्डांचा आहे. मुळात त्यात २४ लँड होते. हातात नुसतेच लँड येतात असे एकदोनदा झाल्यामुळे मी त्यातले चार काढून चार मोठी क्रीचर घातली. लँड एका जागी साचू नयेत म्हणून डावाआधी मी दर दोन कार्डांमागे एक लँड अशी रचना करतो आणि मग हलक्या हाताने पिसतो.

परवाचा डाव असा झाला. सुरुवात माझी होती. सात कार्डांत लँड एकच होते, पण बाकीची सहाही कार्डे उत्तम असल्यामुळे मी हात ठेवला. चौथ्या पाळीपर्यंत माझ्यासमोर दोनच लँड होते. मित्राकडे ग्रिझली बेअर्स हे २/२ चे (पॉवर म्हणजे हल्ल्याची ताकद २, टफनेस म्हणजे सहनशक्ती २) क्रीचर होते आणि एक फॉरेस्ट (हिरवा माना देणारे लँड) सरळ, म्हणजे न वापरलेले, उभे होते. मी माझ्या पाळीत त्या अस्वलावर लाइटनिंग बोल्ट टाकला, कारण तीन डॅमेजने ते मरणार होते. त्याने लगेच जायंट ग्रोथ टाकले, अस्वल ५/५ झाले, वाचले, आणि पुढच्या तीन-चार पाळ्यांत डाव संपला.

माझा कल आता बूस्टरची आणखी पाकिटे घेण्याकडे आहे, कारण मित्राची कार्डे माझ्यापेक्षा चांगली आहेत असे वाटते. हा विचार योग्य आहे का? नसेल तर आधी काय शिकावे?

शांतविचार

पाकिटे घेऊ नका, निदान आत्ता तरी. बूस्टरमधून काय निघेल हे कुणालाच ठाऊक नसते, आणि नवख्या खेळाडूच्या हाती त्यातून वेगवेगळ्या वळणाच्या भारी कार्डांचा गोतावळा जमतो. त्याचा डेक होत नाही. एखादे विशिष्ट कार्ड हवे असेल तर ते सुटे घ्यावे. पाकिटे फोडण्याचा खरा उपयोग ड्राफ्टमध्ये होतो, कारण तिथे सर्वजण तिथल्या तिथे पाकिटे फोडून, एकेक कार्ड निवडून ४० कार्डांचा डेक बांधतात.

आणखी एक हिशेब लक्षात घ्या. ६० कार्डांच्या डेकमध्ये एखाद्या कार्डाची एकच प्रत असेल तर ती पहिल्या सात कार्डांत दिसण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते. नियमाने परवानगी असलेल्या चारही प्रती घातल्या, तर त्यांपैकी निदान एक दिसण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांवर जाते. तुमच्या मित्राचा डेक तुम्हाला चांगला वाटतो, तो कदाचित त्याची कार्डे दुर्मीळ असल्यामुळे नसेल. तीच ती कार्डे वेळेवर येत असल्यामुळे असेल.

पानोपानी

उंबरठा, तुम्ही डावाचे वर्णन इतके प्रामाणिकपणे केले आहे की उत्तर त्यातच सापडते. तो डाव जायंट ग्रोथमुळे हातातून गेला असे तुम्हाला वाटते आहे. माझ्या मते तो त्याच्या बराच आधी गेला होता: चार लँड काढले तेव्हा थोडा, आणि एका लँडचा हात ठेवला तेव्हा उरलेला.

थोडे गणित मांडतो, कारण या बाबतीत मनाला जे वाटते त्यावर विसंबून चालत नाही. ६० कार्डांत २४ लँड असतील, तर पहिल्या सात कार्डांत एकही लँड नसणे किंवा एकच असणे, या दोन्ही मिळून शक्यता सुमारे १४ टक्के आहे, म्हणजे साधारण सात डावांतून एकदा. लँड २० केल्यावर हीच शक्यता सुमारे २५ टक्के होते, म्हणजे चार डावांतून एकदा. नुसत्या लँडांनी हात भरतो म्हणून तुम्ही चार लँड काढले आणि उलट्या बाजूचे संकट जवळजवळ दुप्पट करून घेतले. त्यांच्या जागी मोठी क्रीचर घातली, म्हणजे माना देणारी कार्डे कमी झाली आणि माना मागणारी वाढली. दोन्हीकडून ओढ बसली.

आता एका लँडच्या हाताकडे पाहू. सुरुवात तुमची असल्यामुळे पहिल्या पाळीत कार्ड उचलायचे नव्हते. उरलेल्या ५३ कार्डांत १९ लँड होते. दुसऱ्या पाळीला लँड न मिळण्याची शक्यता ६४ टक्के होती. 'बाकीची सहाही कार्डे उत्तम' हे वाक्य मी नवीन खेळाडूंच्या तोंडून फार ऐकले आहे आणि एकेकाळी मीही तेच म्हणत असे; पण जे कार्ड खेळता येत नाही ते त्या क्षणी उत्तम नसते.

मलिगनची, म्हणजे पहिला हात परत करून नवा घेण्याची, भीती बाळगू नका. २०१९ पासून चालू असलेल्या नियमाप्रमाणे मलिगन घेतल्यावर पुन्हा पूर्ण सात कार्डे उचलता येतात आणि हात ठेवायचे ठरवल्यावर जितक्या वेळा मलिगन घेतले तितकी कार्डे डेकच्या तळाशी ठेवायची असतात. म्हणजे पहिल्या मलिगनमध्ये तुम्ही सात कार्डे पाहता आणि त्यांतले सर्वांत निरुपयोगी एक सोडता. दोनपेक्षा कमी किंवा पाचपेक्षा जास्त लँड असलेला हात, शिकण्याच्या काळात तरी, विचार न करता परत करावा. त्यापुढचे बारकावे नंतर येतात.

आज रात्री एक करून पाहा. डेकमधले लँड बाजूला काढा आणि उरलेली कार्डे जमिनीवर खर्चाप्रमाणे रांगांत मांडा: एक मानाची सर्व कार्डे पहिल्या रांगेत एकाखाली एक, दोन मानाची दुसऱ्या, असे सहा-सात मानापर्यंत. मग उभे राहून वरून पाहा. दोन आणि तीन मानाच्या रांगा सर्वांत लांब दिसायला हव्यात आणि तिथून उजवीकडे त्या भराभर आखूड होत जायला हव्यात. तुमच्या डेकमध्ये पाच-सहा मानाची रांग लांब दिसेल असा माझा अंदाज आहे. ती दिसली की कोणती कार्डे काढायची हे कुणाला विचारावे लागणार नाही.

दवबिंदू

पिसण्याबद्दल थोडे. दर दोन कार्डांमागे एक लँड लावून हलके पिसणे ही पद्धत सोडून द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. पिसणे जर पुरेसे झाले तर आधीच्या रचनेचा काही उपयोग उरत नाही; आणि रचनेचा उपयोग होत असेल, तर पिसणे पुरेसे झालेले नाही आणि ते समोरच्यावर अन्याय करणारे आहे. स्पर्धेत डेक पूर्णपणे सरमिसळ झालेला असावा लागतो आणि प्रतिस्पर्ध्याला तो पुन्हा पिसण्याचा हक्क असतो, तो याचसाठी. कार्डे मोजत सात-आठ ढीग करणे हे मोजण्यापुरते ठीक आहे, त्याला पिसणे म्हणता येत नाही. ५२ पानांच्या कॅटसाठी दोन भाग करून एकमेकांत गुंफण्याची क्रिया सात वेळा करावी लागते, हे डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवले होते. आपल्या ६० कार्डांसाठीही निदान तितके तरी करावे. कार्डांवर प्लास्टिकचे स्लीव्ह असले की कडा दुमडत नाहीत आणि गुंफणेही सोपे जाते.

जुना_भिडू

वरच्या प्रतिसादांशी सहमत आहे. मी फक्त त्या बोल्टबद्दल लिहितो, कारण या खेळाचा आत्मा त्या एका देवाणघेवाणीत आहे, आणि ती नीट समजली की बाकी पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

दोन्ही कार्डे इन्स्टंट (समोरच्याच्या पाळीतही टाकता येणारी) आहेत, दोन्हींचा खर्च एकेक माना आहे. लाइटनिंग बोल्ट तीन डॅमेज करतो. जायंट ग्रोथ क्रीचरला पाळी संपेपर्यंत +३/+३ देते. कागदावर दोघे तुल्यबळ आहेत. जो आधी बोलतो तो हरतो.

तुम्ही बोल्ट आधी टाकला. तो स्टॅकवर, म्हणजे लागू होण्याची वाट पाहणाऱ्या कार्डांच्या थप्पीवर, गेला. मित्राने त्यावर जायंट ग्रोथ ठेवले. स्टॅकमध्ये सर्वांत शेवटी आलेले सर्वांत आधी लागू होते, म्हणून अस्वल आधी ५/५ झाले आणि मग तुमचे तीन डॅमेज आले. अस्वल वाचले. दोघांचे एकेक कार्ड गेले, पण त्याचे क्रीचर मैदानात राहिले.

आता क्रम उलटा करा. तुम्ही बोल्ट हातात धरून थांबला आहात, तुमचे एक माउंटन (लाल माना देणारे लँड) सरळ उभे आहे. मित्र अस्वलाने हल्ला करतो, तुम्ही अडवत नाही, आणि जास्त डॅमेज व्हावे म्हणून तो जायंट ग्रोथ टाकतो. ते अजून स्टॅकवर आहे, लागू झालेले नाही. अस्वल या क्षणी २/२ च आहे. आता तुम्ही बोल्ट टाकता. बोल्ट आधी लागू होतो, अस्वल मरते, आणि जायंट ग्रोथला लक्ष्यच उरत नाही, त्यामुळे ते काहीही न करता थेट ग्रेव्हयार्डमध्ये (वापरलेल्या कार्डांच्या ढिगात) जाते. तुमच्या एका कार्डाने त्याची दोन कार्डे नेली.

म्हणून तुमच्या परवाच्या डावात विचारायचा प्रश्न 'बोल्टने अस्वल मरेल का?' हा नव्हता. 'ते फॉरेस्ट सरळ का ठेवले आहे?' हा होता. समोरच्याचे सर्व लँड आडवे असताना टाकलेल्या बोल्टला उत्तर देणे त्याला सहसा शक्य नसते. एखादे लँड सरळ असेल, तर हातातले कार्ड दिसत नसले तरी त्या लँडच्या रंगावरून त्याच्याकडे काय असू शकते याचा अदमास घेता येतो. दोन महिन्यांच्या खेळाडूने आपल्या कार्डांकडे पाहणे स्वाभाविक आहे. तिसऱ्या महिन्यापासून नजर समोरच्याच्या लँडकडे वळवण्याची सवय लावून घ्या.

याच जातीची आणखी एक सवय: क्रीचर हल्ल्याच्या आधी खेळायचे की नंतर? पाळीत कार्डे खेळण्यासाठी दोन मुख्य टप्पे असतात, एक लढाईपूर्वी आणि एक लढाईनंतर. नवीन खेळाडू बहुधा सगळे आधीच मांडून टाकतो. त्या क्रीचरमुळे या लढाईत काही फरक पडणार नसेल तर ते नंतर खेळावे, म्हणजे हल्ला होताना तुमचा माना सरळ उभा असतो आणि तुमच्या हातात काय आहे या विचारात समोरचा पडतो.

सायंतारा

मी मॅजिक कमी आणि पोकेमॉन जास्त खेळते, त्यामुळे थोडी वेगळी बाजू मांडते. स्टॅक आणि समोरच्याच्या पाळीत उत्तर देणे हे नवशिक्याला जड जात असेल, तर काही दिवस पोकेमॉनचा ट्रेडिंग कार्ड गेम खेळून पाहावा. तिथे आपल्या पाळीत आपण कार्डे खेळतो आणि समोरचा पाहत असतो. मध्येच कार्ड टाकून कुणी अडवत नाही. डेक तिथेही ६० कार्डांचाच, सुरुवातीचा हात सात कार्डांचाच. पण पाळीला हाताने एकच एनर्जी (पोकेमॉनला हल्ल्यासाठी लागणारे कार्ड) जोडता येते, आणि समोरचे पोकेमॉन बाद करत आपली सहा प्राइझ कार्डे उचलली की आपण जिंकतो. 'आत्ता एनर्जी कुणाला जोडू, समोर लढणाऱ्याला की बेंचवर बसलेल्याला?' या एका प्रश्नात साधनांचे नियोजन फार छान शिकता येते.

यू-गी-ओमध्ये मात्र लँड किंवा एनर्जी असा प्रकारच नाही. ८००० लाइफ पॉइंट, पाच कार्डांचा पहिला हात, आणि एका कार्डातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे अशी लांबलचक साखळी एकाच पाळीत. तो खेळ मला आवडतो, पण खेळाचा पहिला धडा म्हणून मी तो कुणाला सुचवणार नाही, कारण त्या साखळ्या आधी पाठ असाव्या लागतात.

पानोपानी

सायंतारा, तुलना पटली. या तिन्ही खेळांचे मूळ एकच आहे. रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या प्राध्यापकाने १९९३ मध्ये मॅजिक आणले तेव्हा त्यातली नवी गोष्ट हीच होती की दोन्ही खेळाडू एकाच कॅटमधून न खेळता आपापला डेक घरून बांधून आणतात. पोकेमॉनचा खेळ जपानमध्ये १९९६ मध्ये आणि यू-गी-ओचा १९९९ मध्ये आला. डेक बांधणे हा खेळाचाच अर्धा भाग आहे, म्हणून रांगा मांडून पाहण्याचा मी एवढा आग्रह धरला.

मुक्तछंद

माझा अनुभव निराळा आहे. मी थेट मॅजिकच्या कमांडर या प्रकारापासून सुरुवात केली. चौघे खेळतात, गप्पा होतात, चूक झाली तर शेजारचा सांगतो, आणि एकटे कोणी हरत नाही. उंबरठा यांना हरण्याचा शीण आला असेल तर तेही करून पाहायला हरकत नाही.

जुना_भिडू

मुक्तछंद, आनंदासाठी जरूर. शिकण्यासाठी मात्र मी नको म्हणेन. कमांडरमध्ये डेक १०० कार्डांचा, आणि मूळ लँड सोडता प्रत्येक कार्ड एकच. सुरुवातीचे लाइफ ४०. चार खेळाडूंची मिळून शेकडो वेगवेगळी कार्डे नवख्याला वाचावी लागतात, आणि आपल्या चुकीची शिक्षा इतक्या उशिरा मिळते की ती कोणत्या चुकीची हे कळत नाही. उंबरठा यांची तक्रार नेमकी तीच आहे. दोघांत, साध्या ६० कार्डांच्या डेकने, तेच ते डाव पुन्हा पुन्हा खेळणे हाच त्यांच्यासाठी चांगला रस्ता आहे. प्रत्यक्ष माणूस उपलब्ध नसेल तेव्हा मॅजिक अरीना या मोफत संगणकीय आवृत्तीवर सराव करता येतो. नियमबाह्य खेळी तिथे करताच येत नाही.

मुक्तछंद

हा मुद्दा मान्य. 'शिक्षा उशिरा मिळते' हे माझ्याही बाबतीत खरे होते. मलिगन कधी घ्यावे हे मला वर्षभर कळले नव्हते.

शांतविचार

एक सूचना राहिली. मित्राशी डेकची अदलाबदल करून पाच डाव खेळा. त्याचा डेक तुमच्या हातात आणि तुमचा त्याच्या हातात. तुमच्याच डेकने तो जिंकू लागला, तर कार्डे कमी दर्जाची आहेत हा संशय कायमचा मिटेल, आणि तो कुठे थांबतो, कुठे हल्ला करतो हे तुम्हाला तुमच्या ओळखीच्या कार्डांतून दिसेल.

अडवण्याबद्दलही दोन शब्द. समोरून ३/३ आले आणि तुमच्याकडे २/२ असेल, तर लाइफ २० वर असताना अडवू नका. अडवले तर क्रीचर जाईल आणि समोरच्याचे काहीच जाणार नाही. २० चे १७ होणे खुपते खरे, पण लाइफ हेही माना आणि कार्डांसारखे खर्च करण्याचे साधन आहे. ते सुरुवातीला मोकळ्या हाताने आणि शेवटी जपून वापरायचे असते.

उंबरठा (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे उत्तर दिले नाही, कारण आधी करून पाहायचे ठरवले होते.

रांगा मांडल्या. पाच मानाच्या रांगेत सात कार्डे आणि दोन मानाच्या रांगेत फक्त तीन! वरून पाहिल्यावर ते इतके उघड दिसले की मी बराच वेळ तसाच उभा होतो. पाच मोठी क्रीचर काढली, लँड पुन्हा २४ केले, दोन मानाचे एक क्रीचर वाढवले. डेकची अदलाबदल केली, तेव्हा मित्राने माझ्या डेकने पाचपैकी तीन डाव जिंकले. पाकिटे घेतली नाहीत.

कालच्या डावात पहिल्या सातांत एक लँड आले. परत केले. दुसऱ्या सातांत तीन आले, एक महागडे कार्ड तळाशी ठेवले आणि खेळलो. मित्राने अस्वलाने हल्ला केला, त्याची दोन फॉरेस्ट सरळ होती. माझे लाइफ ९ होते. मी अडवले नाही. त्याने जायंट ग्रोथ टाकले. मी दोन महिन्यांत पहिल्यांदाच थांबलो होतो, माउंटन सरळ होते, मी त्यावर बोल्ट टाकला. मग त्याने दुसरे जायंट ग्रोथ टाकले.

इथे आमचा वाद झाला. तो म्हणाला, अस्वल जगले आणि माझे ८ लाइफ गेले. मी म्हणालो, बोल्टचे तीन डॅमेज त्यातून वजा होऊन ५ च जायला हवे. कोण बरोबर?

जुना_भिडू

वाचून फार आनंद झाला. स्टॅक वरून खाली उलगडू. सर्वांत वर दुसरे जायंट ग्रोथ होते, ते आधी लागू झाले: अस्वल ५/५. मग तुमचा बोल्ट: अस्वलावर तीन डॅमेज, पण टफनेस पाच, म्हणून ते जगले. मग तळातले पहिले जायंट ग्रोथ: अस्वल ८/८, अंगावर तीन डॅमेज तसेच. डॅमेजमुळे क्रीचरची पॉवर कमी होत नाही. ते फक्त टफनेसच्या तुलनेत मोजले जाते आणि पाळी संपताना पुसले जाते. त्यामुळे अस्वलाने पूर्ण ८ डॅमेज केले. मित्राचा हिशेब बरोबर आहे, तुमचे लाइफ १ उरले.

आता त्याच्याकडे पाहा: दोन्ही फॉरेस्ट आडवी, हातातली दोन कार्डे खर्च झालेली, आणि अस्वल हल्ल्यासाठी आडवे असल्यामुळे तुमच्या पाळीत अडवू शकणार नाही. पुढे काय खेळलात?

उंबरठा (धागालेखक)

हिशेब समजला, मित्राला तसे कळवतो. पुढच्या पाळीत माझ्याकडे ३/३ आणि २/२ अशी दोन क्रीचर होती, त्याच्याकडे अडवायला कोणी नव्हते, आणि त्याचे लाइफ ५ होते. दोन्हींनी हल्ला केला.